तांदळावरचं बोट

संजीवनीबाई दमलेल्या होत्या. आज दमल्या, काल दमल्या असं नव्हे, मुळातूनच दमलेल्या. किन्हवलीहून सकाळची एसटी पकडायची, शहापूरला उतरायचं, तिथून खर्डीपर्यंत जीप, आणि खर्डीहून रिक्षा मिळाली तर देवाची कृपा, नाहीतर तो चढ आणि आपले पाय आहेतच. शाळेच्या पायरीला लागेपर्यंत निम्मा दिवस संपल्यासारखा वाटायचा, आणि खरा दिवस तर तिथून सुरू व्हायचा.

शाळा म्हणजे डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत असलेल्या दोन खोल्या. एकीत मुख्याध्यापक नामदेव गुरुजी, निवृत्तीला टेकलेले, चौथी-पाचवी घेऊन बसलेले. दुसरीत बाई आणि पहिली ते तिसरीची सगळी पोरं एकत्र. एकाला क गिरवायला द्यावा तर दुसरा रडतो, त्याचं नाक पुसावं तर तिसरी खिचडीच्या वासाने दाराकडे पळते. मधूनच मोबाइल वाजतो, अमुक माहिती ताबडतोब भरा. भरायला रेंज नाही. रेंजसाठी टेकाडावर जावं, तर खाली वर्गात महाभारत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा हेमंत, त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान. माणूस वाईट नव्हता हो, पण चहाचा कप त्याला अजूनही हातात लागायचा.

एवढं सगळं सुख असताना बाईंनी पुन्हा शिकायला नाव का घातलं? वाडीत आणि भावकीत सगळ्यांना वाटलं, ज्ञानाची आवड. छे! मुरबाडला शिक्षकांच्या केंद्रात वाचनतज्ज्ञाची जागा निघायची होती. शाळाशाळांतून शिक्षकांना गोळा करायचं आणि पोरांना वाचायला कसं शिकवावं ते सांगायचं. किन्हवलीहून मुरबाडला सरळ एक गाडी, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. अट अशी की वाचन-शिक्षणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका हवी. बाईंकडे बी.ए. होतं, मुक्त विद्यापीठातून रडतखडत केलेलं, तेवढ्यावर प्रवेश मिळाला. हेमंतला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, मला तज्ज्ञबिज्ञ व्हायचं नाही, मला फक्त त्या चढावरून सुटायचंय.

तर दोन वर्षं शनिवार-रविवार ठाणे. पहिलं वर्ष बाईंनी मागच्या बाकावर डुलक्या काढण्यात घालवलं, आणि त्यांच्यासारख्या डुलक्या काढणाऱ्या पुष्कळ होत्या. पण एका दुपारी शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता सांगून गेल्या, की बोलणं पोराला आपोआप येतं, वाचणं आपोआप येत नाही. ते प्रत्येक पोराच्या डोक्यात नव्याने बांधावं लागतं, आणि बांधणारा चुकला की पोर मठ्ठ ठरतं. संजीवनीबाईंची झोप उडाली. वर्गात बसलेल्या कितीतरी मठ्ठ पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. त्या दिवसापासून त्या पुढच्या बाकावर बसायला लागल्या. दमणं कमी झालं असं मुळीच नाही, उलट वाढलं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा लेखी कमी आणि हाताची जास्त. प्रत्येकीने आपल्या वर्गातलं एक न वाचणारं मूल निवडायचं, शाळा सुरू झाल्यापासून वर्ष संपेपर्यंत त्याच्यावर मेहनत घ्यायची, दिवाळीनंतर त्याची प्रगती विद्यापीठाला कळवायची, आणि मार्चमध्ये बाहेरच्या परीक्षक येऊन त्या मुलाकडून एक उतारा वाचून घेणार. मूल वाचलं तर पदविका. नाही वाचलं तर पुढचं वर्ष पुन्हा. पुढच्या वर्षी मुरबाडची ती जागा काय बाईंसाठी हात जोडून उभी राहणार होती?

बाईंनी दामिनी निवडली. तिसरीतली पोर, काटकुळी, डोळे मोठे, हजेरी बऱ्यापैकी. दामिनीचे आई-बाप दोघं खर्डीकडे मजुरीला जायचे, पोर आजीच्या हाताखाली. आजी धोंडीबाई म्हणजे वाडीतली धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी बाई. या भागात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण नसेल तर मांडवात पाऊल पडत नाही. धोंडीबाईला गाणी किती येत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी शिकवायला सुरुवात केली ती अगदी ठाण्याला सांगितलं तशी. छोटी छोटी चित्रांची पुस्तकं. आधी बाईंनी मोठ्याने वाचायचं, मग दोघींनी मिळून, मग दामिनीने एकटीने, आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. या बोटावर ठाण्याच्या बाईंचा फार भर. बोट सरकतं म्हणजे डोळा सरकतो, डोळा सरकतो म्हणजे पोर वाचतं. आणि दामिनीचं बोट काय सरकायचं! थांबणं नाही, अडखळणं नाही. पावसाळा संपायच्या आत पोरीने चार पुस्तकं वाचून काढली, दिवाळीपर्यंत सगळा गठ्ठा. अक्षरांची कार्डं दाखवावीत तर फडाफडा उत्तरं. बाईंनी विद्यापीठाला कळवून टाकलं की मूल शून्यावरून पाचव्या पातळीला आलं आहे. ठाण्याला सगळ्या वर्गापुढे त्यांचं कौतुक झालं. घरी येऊन त्यांनी सासूबाईंचे पाय चेपता चेपता त्यांनाही सांगितलं, आणि सासूबाई म्हणाल्या की बरं झालं, आता मुरबाडहून येताना माझं औषध आणत जा.

पौषात म्हशाची जत्रा भरली. जत्रेच्या दिवसांत शाळेत कोण येतंय! वाडी अर्धी रिकामी. जत्रा उठल्यावर पोरं परतली ती हातात पिपाण्या आणि खिशात जिलेबी घेऊन. त्यातल्याच कुणी तरी जिलेबीच्या हातांनी पुस्तकांचा गठ्ठा चाळला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी दामिनीला त्यातलं एक पुस्तक दिलं आणि स्वतः पहिलीच्या पोराची पाटी बघत कानाने ऐकू लागल्या. दामिनी वाचत होती, हत्ती नदीवर गेला, हत्तीने सोंडेत पाणी घेतलं. बाईंनी सहज मान वळवून पाहिलं. पानावर हत्तीही नव्हता आणि नदीही नव्हती. पाकाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती, पोरीने दोन्ही एकदम उलटली होती, आणि तिच्या बोटाखाली माकड झाडावर बसलं होतं. बोट माकडाच्या ओळीवरून सरकत होतं, आणि तोंडातून हत्ती पाणी पीत होता.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पुस्तक मधूनच उघडून दिलं, तर दामिनी गप्प. पहिल्या पानापासून दिलं, तर घडाघडा. कार्डांचा गठ्ठा पिसून दाखवला, तर क ला ज आणि ज ला म. इतके दिवस कार्डं रबर लावून एकाच क्रमाने ठेवलेली असायची, आणि बाई त्याच क्रमाने दाखवायच्या. पोरीला गठ्ठ्याचा क्रम पाठ होता. तिला एकही अक्षर येत नव्हतं. पाचवी पातळी कसली, सगळा डोलारा हवेत!

संजीवनीबाई संतापल्या. दामिनीवर, स्वतःवर, ठाण्यावर, त्या जिलेबीवरसुद्धा. मला फसवलंस असं त्या पोरीला म्हणाल्या, आणि पोरीला ते काही कळेना. ती म्हणाली, "तुमी म्हनलं तसंच तर म्हनलं ना बाई. एक पन सबुद टाकला नाय."

शाळा सुटल्यावर बाई तणतणत तिच्या घरी गेल्या. धोंडीबाई दारात सूप घेऊन बसली होती, सुपात तांदूळ, आणि ती शेजारच्या एका नव्या सुनेला हळदीचं गाणं देत होती. गाणं देताना धोंडीबाईचं उजव्या हाताचं बोट सुपातल्या तांदळावरून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत होतं. एक ओळ संपली की बोट उचलायचं, पुन्हा डावीकडे ठेवायचं, दुसरी ओळ. ही तिची लहानपणापासूनची खोड होती. तांदळात काही नव्हतं. बोटाला काहीतरी हवं म्हणून तांदूळ.

बाई दारातच उभ्या राहिल्या आणि सगळं त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. पोरीने फसवलं नव्हतं. तिच्या घरात शिकणं म्हणजे हेच. मोठ्या माणसाने म्हणायचं, आपण ऐकायचं, मग मिळून म्हणायचं, मग एकटीने म्हणायचं, शब्द गाळायचा नाही, आणि बोट कशावरून तरी सरकवत राहायचं. आधी मी, मग आपण, मग तू! ठाण्याची सगळी पद्धत धोंडीबाईच्या दारात आधीच चालू होती. पुस्तक पोरीच्या लेखी सूप होतं. बाईंनी तिला जूनपासून गाणी दिली होती आणि तिने ती चोख परत केली होती.

धोंडीबाईने पाणी दिलं, चटई टाकली. नात चांगली शिकते ना, असं विचारलं. बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

आता खरं तर विद्यापीठाला कळवायला हवं होतं की माझं चुकलं, मूल अजून शून्यावर आहे. बाईंनी ते लिहायला मोबाइल कितीदा हातात घेतला आणि कितीदा ठेवला. कळवलं की वर्ष गेलं, जागा गेली, पुन्हा तो चढ. न कळवता मार्चपर्यंत पोरीला खरोखर वाचायला शिकवलं, तर सगळंच निभावून जाईल, असं त्यांनी मनाशी धरलं. मधे राहिले होते दोनच महिने, आणि त्यातही शाळेची तपासणी, वजन-उंची, लसीकरण. बाईंना हे जमणार नाही हे कळत होतं, आणि तरी त्या लागल्या.

सगळी पुस्तकं त्यांनी कपाटात बंद केली. पोरीपुढे मोठ्याने काही वाचायचंच नाही असं ठरवलं. पाटीवर दोन अक्षरं काढायची, क्रम रोज बदलायचा. घर, नळ, मगर. सकाळी इतर पोरं यायच्या आधी थोडं, खिचडीनंतर थोडं. दामिनी रडकुंडीला आली. जिला आख्खी लग्नाची गाणी एका दमात यायची, तिला न आणि ळ पुढे घाम फुटायचा. बाई काहीतरी बोलल्या की ती लगेच त्यांचेच शब्द परत करायची, आणि बाई ओरडायच्या, "ऐकून नको, बघून वाच." हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणाल्या की झोपेतही म्हणत असाव्यात; हेमंतने एकदा विचारलंही, कोण काय बघतंय म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाईंना रोज संध्याकाळी जीपमध्ये वाटायचं, आणि सकाळी तेच पाणी घेऊन त्या पुन्हा हजर.

फाल्गुन लागेपर्यंत घड्यात थोडंसं पाणी राहायला लागलं. दामिनी अक्षराला अक्षर जोडायची, मधे मोठा श्वास घ्यायची, पुन्हा मागे जायची, आणि शेवटी शब्द हाताला लागला की स्वतःच दचकायची. काना-मात्रा येत होत्या. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. एक ओळ वाचायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात बाईंचा चहा निवायचा. परीक्षेत मात्र ओळी वेळेत वाचायच्या होत्या, ठरलेल्या वेगाने.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी रुचिताचा फोटो आला. रुचिता म्हणजे ठाण्याच्या वर्गातली बाईंची शेजारीण, मुरबाडकडची शिक्षिका. परीक्षक तिच्या शाळेत येऊन गेल्या होत्या, आणि सगळीकडे एकच उतारा देत होत्या. रुचिताने कागदाचा घाईघाईत काढलेला फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, करून घे पोरीकडून, सगळ्याच करतायत.

बाईंनी तो फोटो दुपारभर पदराआड ठेवला. उघडून पाहिला, बंद केला. पोरीला हा उतारा दोनदा ऐकवला की पुरे. उद्या ती असा म्हणेल की परीक्षक बाई खूश. वेग, उच्चार, बोट, सगळं जागच्या जागी. आणि जूनपासून मुरबाड. बाईंचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. सासूबाईंनी रात्रभर झोपू दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाईंनी विचार केलाच नाही. विचार करायला अंगात काही शिल्लक असावं लागतं.

ऊन कलल्यावर त्या धोंडीबाईच्या घरी गेल्या. दामिनीला जवळ घेतलं आणि मोबाइलवर बघून उतारा ऐकवला. चिमा नावाच्या मुलीची शेळी हरवते, ती ओढ्यावर शोधते, रानात शोधते, आणि रडत घरी येते, अशी ती एवढीशी गोष्ट. दोनदा ऐकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या हे असंच म्हण. बोट सरकवत राहा."

दामिनीने त्यांच्याकडे पाहिलं. "बघून नको वाचू?"

"उद्या नको," बाई म्हणाल्या.

धोंडीबाई चुलीपाशी होती. तिने मान न वळवता सांगितलं की दोन डाव ऐकलं म्हणजे झालं, पोर सबुद टाकायची नाय. बाई चहा न घेता निघाल्या. वाटेने त्यांना स्वतःची शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा झोप जास्त येत होती. खर्डीहून जीपमध्ये बसल्या आणि शहापूर येईपर्यंत त्यांची मान शेजारणीच्या खांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आल्या. साठीच्या बाई, साधी सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला, चढ चढून आल्यामुळे धाप लागलेली. त्याही दमलेल्याच होत्या. नामदेव गुरुजींनी खुर्ची पुसून दिली, लिंबाचं सरबत दिलं. परीक्षक बाईंनी वर्ग पाहिला, भिंतीवरची चित्रं पाहिली, दिवाळीनंतरचा अहवाल चाळला, आणि पाचवी पातळी, छान, असं म्हणून दामिनीला पुढे बसवलं. पोरीला तेल लावून, वेणी घालून पाठवलं होतं. परीक्षक बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला, पाकिटातून घड्याळ काढून हातात धरलं आणि सांगितलं, "वाच बाळ."

दामिनीने बोट ठेवलं. बोट सरकेना.

"चि," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "मा." पुन्हा मागे गेली. "चिमा. चिमा... ची."

संजीवनीबाईंना वाटलं पोर घाबरली, विसरली. पण ती विसरणारी नव्हती, आणि ते बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या कपाळावर आठी पडली होती, ओठ हलत होते, बोट एका अक्षरावर दाबून धरलेलं होतं, नख पांढरं होईपर्यंत. बाईंना राहवलं नाही. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "दामिनी, म्हण ना. कालचं म्हण."

"थांबा ना बाई," दामिनी मोठ्याने म्हणाली. "मी बघून वाचते."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून संजीवनीबाईंकडे पाहिलं. नामदेव गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन कुठली दुभंगते, ती आपली शेणाने सारवलेली तशीच राहिली, आणि दामिनी वाचत राहिली. एक शेळी होती. इथपर्यंत आली तेव्हा वेळ संपली होती. परीक्षक बाईंनी तिला अजून थोडा वेळ दिला. सकाळी शेळी. मग पुन्हा 'सकाळी'वर गेली. त्यांनी घड्याळ पाकिटात टाकलं.

त्या कठोर नव्हत्या. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, छान प्रयत्न करतेस म्हणाल्या. मग संजीवनीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की मूल अजून अक्षरं जुळवतंय, ही फार तर दुसरी पातळी, आणि अहवालात पाचवी लिहिली आहे. हा फरक कसा पडला ते त्यांनी विचारलं. बाईंना सगळं सांगता आलं असतं. माकड, हत्ती, सूप, तांदूळ, दोन महिन्यांची ती झटापट. जानेवारीत या पोरीला एकही अक्षर येत नव्हतं, आणि आज ती जे वाचली ते माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे, असं सांगता आलं असतं. पण मग कालचंही सांगावं लागलं असतं. बाई अहवालाची पानं सारखी करत राहिल्या. परीक्षक बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा बसा. यंदा मला नाही करता येणार." त्यांना अजून दुसरी शाळा गाठायची होती. गुरुजी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले.

झालं. मुरबाड गेलं. बाई पहिलीच्या लहानशा बाकावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. राग आला होता, भयंकर राग, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळेना. दोन वर्षांचे शनिवार-रविवार. तो चढ, ती जीप, सगळं पुन्हा. बाकीची पोरं खिचडीला गेली होती. त्यांनी पदराने डोळे पुसले. पोरीवर ओरडावं असं मनात आलं, की एवढं एकच काम सांगितलं होतं तुला. पण काय ओरडणार? दोन महिने ज्याच्यासाठी ओरडल्या, तेच तर पोरीने केलं होतं.

दामिनी अजून चटईवरच होती. कागद परीक्षक बाई तिथेच विसरल्या होत्या.

"बाई, फुडं वाचू?"

"राहू दे आता. जा, खिचडी खा."

दामिनी गेली नाही. तिने बोट पुन्हा ठेवलं. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, ऐकायची इच्छा नव्हती, पण कानाला कुठे दार असतं. सकाळी शेळी दिसेना. ओढ्याच्या ढ्यापाशी पोर अडली, आणि बाईंनी सवयीने मदत करायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं. चिमा ओढ्यावर गेली. चिमा रानात गेली. बाहेर ताटल्या वाजत होत्या, कुणी तरी भांडत होतं. शेळी कुठेच नाही. चिमा रडत घरी आली. झाली गोष्ट. बाई उठायला लागल्या.

पण दामिनीचं बोट खाली गेलं आणि चालतच राहिलं. "प. ड. पड. वी. त. पडवीत." श्वास. "पडवीत शेळी होती. सो... सोबत क... करडू होते."

बाईंनी मोबाइल काढला. रुचिताच्या फोटोत कागद खालून कापलेला होता. ती ओळ फोटोत नव्हतीच. काल बाईंनी ती वाचली नव्हती, धोंडीबाईने ऐकली नव्हती, वाडीत कुणाच्या तोंडातून ती कधी निघाली नव्हती.

दामिनी कागदाकडे बघत होती. मग तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जरा तक्रार होती.

"ह्ये तुमी काल सांगितलंच नाय बाई. शेळी गावली म्हनून."

"मला माहीतच नव्हतं गो," बाई म्हणाल्या.

"तुमाला पन नवतं म्हाईत?" दामिनीने विचारलं. थोडा वेळ तिला ते खरंच वाटेना. मग ती सरकून बाकापाशी आली आणि कागद बाईंच्या मांडीवर ठेवून बोटाने ती ओळ दाखवायला लागली. "हितं हाय बगा. मी वाचून दाखवते, तुमी ऐका."